बोलावणं त्यांचं, भाडं कुणाचं?

वाशिंद मागे पडलं की कसारा लोकल सैल होते. कल्याणपर्यंत एकमेकांच्या पाठीत कोपरं रुतवून गप्प उभी असलेली माणसं इथं ऐसपैस बसतात, डबे उघडतात आणि काडीची ओळख नसताना विचारतात, "कुठं उतरायचं?" पुण्यात हा प्रश्न चोंबडेपणा ठरेल, इथं तो नमस्काराच्या जागी आहे. जूनचा दुसरा पंधरवडा होता. डावीकडे माहुलीचे सुळके ढगात अर्धे बुडालेले आणि रुळांच्या कडेनं, राब भाजून काळ्या केलेल्या तुकड्यांत भाताची रोपं नुकती वर आलेली.

सोबत एक संशोधक मुलगी होती. वय सत्तावीस-अठ्ठावीस, घर मुरबाड तालुक्यात नाणेघाटाच्या पायथ्याशी एका पाड्यावर आणि पीएच.डी. मुंबईत, उपयोजित गणितात. भेगाळलेल्या कातळातून पाणी कसं झिरपतं याची समीकरणं ती सोडवते. आपलं नाव तिनं छापू दिलेलं नाही. युरोपातल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेनं तिचा निबंध स्वीकारला, नोव्हेंबरात वीस मिनिटं बोलायला वेळ दिला. पत्र आलं त्या दिवशी घरी पेढे वाटले गेले आणि दुसऱ्या दिवसापासून हिशेब सुरू झाला. त्याच हिशेबासाठी ती गावी निघाली होती. मला त्यावर लिहायचं होतं, म्हणून मीही पिशवी खांद्याला लावली.

या रेल्वेमार्गावरून गणिताचा माणूस जाणं नवं नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूत जन्मले. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. शाळा ठाण्यात झाली, महाविद्यालय पुण्याचं फर्ग्युसन, आणि १९३० ते १९६२ नोकरी देवळालीत, शाळामास्तराची. ठाणे आणि देवळाली यांच्यामधला रस्ता म्हणजे हाच कसारा घाट. समोरच्या बाकावर दहावीतला एक मुलगा बसला होता. तिनं त्याच्याकडून वर्तमानपत्र मागून घेतलं आणि मुंबई-ठाणे पहिली गाडी धावली ते साल कोऱ्या कडेला लिहिलं : १८५३. म्हणाली, आकडे मोठ्याकडून लहानाकडे लाव, मग उलटे लाव, वजा कर, आणि जे येईल त्यावर पुन्हा तेच कर. मुलानं केलं. ८५३१ वजा १३५८ म्हणजे ७१७३. मग ६३५४, मग ३०८७, मग ८३५२ आणि पाचव्या वेळी ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४च. चारही अंक सारखे नसतील तर कुठल्याही चार अंकी संख्येची गाडी फार तर सात वजाबाक्यांत याच स्थानकात येते. मुलानं आपल्या मोबाइल नंबरातले शेवटचे चार आकडे घेतले, मग आईच्या नंबरातले. खर्डी येईपर्यंत तो तेच करत असणार. आम्ही आसनगावला उतरलो.

कापरेकरांनी हे १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. जगाला त्यांचं नाव कळलं ते १९७५मध्ये, मार्टिन गार्डनरनं 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा. मधे सव्वीस वर्षं गेली आणि शाळामास्तर सत्तरीला पोचले. कागद आपल्या पायांनी जगभर फिरतो असं म्हणणाऱ्यांनी ही सव्वीस वर्षं मोजावीत. चांगला कागद पोचतो हे खरं, पण तो ज्याचा आहे त्याच्या उमेदीच्या काळात पोचेलच याची हमी कुणी देत नाही.

आसनगाव स्टेशनाबाहेर रानभाजीवाल्या बायांची रांग होती. पळसाच्या पानांवर शेवळांच्या जुड्या, बाजूला हिरव्या काकडांचे वाटे. शेवळं म्हणजे पहिल्या पावसानंतर जमिनीतून वर येणारे जांभळट कोंब. नीट शिजवली नाहीत तर घसा खाजून हैराण करतात. त्यावर उतारा या आंबट काकडांचा. मी फक्त शेवळं मागितली तर बाई देईनात. "काकडं बी घ्या, नायतर घशाला लागंल आन माझ्या नावानं बोंबलाल." मंडईत भाजी विकत घेणाऱ्याच्या घशाची चिंता कुणी केल्याचं आठवत नाही. पैसे घेताना बाईंनी मुलीकडे पाहून विचारलं, "बाय, तू कुठली?" गावाचं नाव ऐकल्यावर एक जुडी वर टाकली.

शहापुरात चहाला बसलो तेव्हा हिशेबाची वही बाहेर आली. मुंबई-आग्रा रस्त्यावरचं हे गाव ट्रकवाल्यांच्या चहावर आणि तालुक्याच्या कचेऱ्यांवर चालतं. आता समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून जातो. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५मध्ये शेजारच्या भिवंडी तालुक्यात आमण्याला येऊन पूर्ण झाला. टेबलावर मात्र आकडे लहान होते. कनिष्ठ संशोधकाची शिष्यवृत्ती २०२३पासून महिना ३७ हजार रुपये. त्यातून मुंबईतली खोली, खाणावळ, घरी पाठवायचे पैसे. दुसऱ्या बाजूला विमानाचं येण्याजाण्याचं तिकीट तिच्या अंदाजानं सत्तर हजारांच्या आसपास, शेंगेन व्हिसाचे ९० युरो, परिषदेची नोंदणी फी, पाच रात्रींचं भाडं. व्हिसासाठी बँकेत पुरेशी शिल्लक दाखवावी लागते ती निराळीच. वडिलांचं पासबुक तिनं दाखवलं : प्लॅस्टिकच्या पिशवीत, चुलीच्या धुरानं कडा पिवळ्या, आणि एक ओळ सोडून एक ओळ खत-बियाण्याची.

मदत नाही असं कुणी म्हणू नये. अणुऊर्जा विभागानं १९८३ साली राष्ट्रीय उच्च गणित मंडळ स्थापन केलं, ते गणितवाल्यांना प्रवासासाठी पैसे देतं. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद देते. विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाची योजना पस्तिशीच्या आतल्या संशोधकांना स्वस्त वर्गाचं विमानभाडं, नोंदणी आणि व्हिसा असा जवळजवळ सगळा खर्च द्यायची. ते मंडळ आता २०२३च्या कायद्यानं आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झालंय. बाहेरही पद्धत आहे. दक्षिण कोरियानं २०१४च्या सोल इथल्या जागतिक गणित परिषदेसाठी विकसनशील देशांतल्या एक हजार गणितज्ञांना बोलवायचं ठरवलं आणि त्या योजनेला 'नानुम' म्हणजे वाटून घेणं असं नाव दिलं. आपणही उशिरा सुरुवात करून इथवर आलो, तेव्हा मागून येणाऱ्यांना हात द्यावा, असं त्यांचं म्हणणं होतं. यजमानानं असं बोलणं मला फार आवडलं.

अडचण पैसे मिळण्यात कमी आणि ते कधी मिळतात यात जास्त आहे. मंजूर झालेली रक्कम बहुतेक वेळा परत आल्यावर, तिकीट, पावत्या आणि बोर्डिंग पास जोडल्यावर, हातात पडते. म्हणजे ज्याच्याकडे लाखभर रुपये आधीच पडून आहेत, त्याला ते परत मिळतात. ज्याच्याकडे नाहीत त्याला मंजुरीचं पत्र मिळतं. योजना आखणाऱ्यांच्या मनात खोट होती असं मला वाटत नाही. त्यांच्या ओळखीत पासबुक धुरानं पिवळं झालेलं कुणी नसावं, इतकंच.

शहापूरहून तानसाला गेलो. अगदी वाटेवर नव्हतं, पण तिचा हट्ट होता. पावसानं न्हालेल्या जंगलातून रस्ता बांधापाशी जातो आणि एकाएकी समोर काळ्या दगडाची भिंत उभी राहते, लांबच लांब. तानसाचं धरण १८९२ साली पूर्ण झालं. तेव्हापासून मुंबई या तालुक्याचं पाणी पितेय. पुढे मोडकसागर आणि भातसाही झाले. दगडी धरण किती जाड बांधावं हा त्या काळात मोठा प्रश्न होता. जास्त बांधलं तर पैसा वाया, कमी बांधलं तर खालची गावं वाहून जायची. मुंबई महापालिकेचे अभियंता कॅप्टन टलॉक यांनी ग्लासगो विद्यापीठातल्या विल्यम रँकिन यांना याबद्दल विचारलं आणि १८७२ साली रँकिन यांचा दगडी धरणांवरचा अहवाल छापून आला. तलाव भरलेला असो की रिकामा, भिंतीवरच्या सगळ्या दाबांचा एकत्रित जोर पायाच्या मधल्या एक तृतीयांश भागातच उतरला पाहिजे, म्हणजे दगडी बांधकामाच्या कुठल्याच कडेला ताण येणार नाही. ती भिजलेल्या मातीवर छत्रीच्या टोकानं त्रिकोण काढून हे सांगत होती. रखवालदार आधी संशयानं पाहत होता, मग जवळ येऊन उभा राहिला. "म्हंजे ही भित खाली जाड अन् वर बारीक, ती म्हनून?" "म्हणूनच, दादा." त्यानं भिंतीकडे पाहिलं, जणू आजच ओळख झाली.

मुंबईनं प्रश्न विचारला, ग्लासगोनं उत्तर दिलं. उपयोजित गणित असं टपालानंही चालतं, मग माणसानं जायचं कशाला? हा प्रश्न मी मुद्दाम काढला. करोनाच्या काळात सगळ्या परिषदा पडद्यावर झाल्या तेव्हा खर्च वाचला म्हणून पुष्कळ जण खूश होते. तीही एकदा पडद्यावर बोलली होती. वीस मिनिटं काळ्या चौकोनांशी बोलणं, शेवटी दोन अंगठे आणि 'वेळ संपला'. "प्रश्न विचारतो तो माणूस चहाच्या रांगेत विचारतो, काका," ती म्हणाली. "सभागृहात हुशार दिसायचं असतं, म्हणून खरा प्रश्न कुणी विचारत नाही." टलॉकसाहेबांपाशी महापालिकेचा शिक्का होता, म्हणून रँकिनसाहेबांनी पत्र उघडलं. मुरबाडच्या मुलीचं ई-पत्र उघडायला तिचा चेहरा कुणीतरी आधी पाहिलेला असावा लागतो.

तानसाचं पाणी मुंबईला गेलं त्याच १८९२ साली जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी आपला निधी सुरू केला. पहिल्या लाभार्थींत दोन स्त्रिया होत्या, डॉक्टरीसाठी निघालेल्या : फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. पैसा कर्जाऊ होता, कमवू लागल्यावर फेडायचा. पण तो बोटीवर चढण्याआधी मिळायचा, आणि मला त्यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. कोल्हापुरातच जन्मलेले जयंत नारळीकर १९५७ साली केंब्रिजला निघाले तेव्हा तेही टाटा निधीचे विद्यार्थी होते. त्यांच्या आधी दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर गेले आणि १८९९मध्ये सीनियर रँग्लर झाले. हे झाले वर्षानुवर्षांचे मुक्काम. पाच दिवसांच्या परिषदेला धाडणं त्या मानानं किरकोळ वाटतं, म्हणूनच त्याच्यासाठी कुणी पिशवीची गाठ आधी सोडत नाही.

शहापूर ते किन्हवली काळी-पिवळी जीप. आत किती माणसं होती हे ड्रायव्हरलाही सांगता आलं नसतं. माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडीची टोपली होती आणि टोपलीच्या मालकीणबाई माझ्या शेजारी. तिकडे पुण्याकडे शेअर रिक्षात चौथा माणूस आला तर तिघांच्या कपाळाला आठ्या पडतात. इथं बारावा आला तरी "सरा जरा, म्हातारं हाय" म्हणून जागा निघते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना आवणीची तयारी होती. पावसानं खाचरं तुंबली होती, बैल आणि पॉवर टिलर एकाच बांधावर. अवघ्या दोन महिन्यांपूर्वी याच गावांना टँकरनं पाणी येत होतं. या तालुक्यावर दणदणीत पाऊस पडतो, तीन मोठे तलाव भरतो आणि मार्च उजाडला की पाड्यावरची विहीर तळ दाखवते. धरणाच्या पाण्यावर मुंबईचं नाव लिहिलेलं आहे, हे एक कारण. दुसरं कारण पायाखाली आहे, आणि तिचा अभ्यास त्याचाच.

आंरी द्यार्सी नावाच्या फ्रेंच अभियंत्यानं दिजाँ शहराच्या पाण्याची व्यवस्था करताना वाळूनं भरलेल्या नळ्यांतून पाणी सोडून पाहिलं आणि १८५६ साली झिरपण्याचा नियम छापला : पाण्याच्या पातळीत फरक जितका जास्त आणि वाळूची जाडी जितकी कमी, तितकं पाणी वेगानं जातं. वाळूत हे सरळ चालतं. आपल्या दख्खनच्या कातळात वाळूसारखी सर्वत्र सारखी छिद्रं नाहीत. कुठे भेग, कुठे लाव्हाच्या दोन थरांमधली सांध, मधे ठणठणीत दगड. पाणी भेगेत शिरलं की धावतं आणि दगडापाशी अडतं. कुठला पाऊस विहिरीत उतरेल आणि कुठला सरळ ओढ्यानं खाडीला जाईल हे सांगायला द्यार्सीचा नियम एकटा पुरत नाही. हे सगळं तिनं टोपलीवाल्या आजींना सांगितलं, समीकरणाचं नावही न काढता. आजींनी मान डोलावली. "म्हंजे पानी भोकात जातं."

मग परिषदेचा विषय निघाला. कुठं जायचं, कोण बोलावतंय, किती दिवस. फी भरावी लागते हे ऐकल्यावर आजी थबकल्या. "बोलावलं त्यांनी, मंग पैसं तू का भरतेस?"

जीपमधले सगळे आता ऐकत होते.

"आमच्यात कीर्तनाला बुवा बोलावला तर गाडीभाडं गाव देतं, जेवण गाव देतं, वर बिदागी. तू तिकडं बोलनार, ते ऐकनार, आन पैसं तूच देनार?"

ती हसून गप्प बसली. मी उत्तर द्यायचा प्रयत्न केला : मोठे निमंत्रित वक्ते असतात, त्यांना बुवांसारखं सगळं मिळतं, बाकीचे शेकडो जण आपण होऊन निबंध पाठवतात, निवडले जातात, आणि सभागृहाचं भाडं सगळ्यांच्या फीमधून निघतं. उपयोजित गणिताची सर्वांत मोठी जागतिक परिषद १९८७ साली पॅरिसला सुरू झाली, दर चार वर्षांनी भरते, २०१९ला वालेन्सियात आणि २०२३ला टोकियोत झाली. इतक्या माणसांना कोण फुकट बसवणार? आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे वारी हाय. ज्यानं त्यानं आपली भाकरी बांधून न्यायची." मला याहून नेमकं सांगता आलं नसतं. फरक एवढाच की वारीच्या वाटेवर गावोगाव पंगती उठतात.

किन्हवलीहून सरळगाव, तिथून मुरबाड. मुरबाडची बाजारपेठ पावसाच्या तोंडावर पाहण्यासारखी असते. इरल्यांची जागा आता निळ्या प्लॅस्टिकनं घेतलीय, पण एका दुकानात दोन इरली अजून टांगलेली दिसली. "घेतं का कुणी?" "फोटो काढतात," दुकानदार म्हणाला. घोंगड्या मात्र खपतात. त्यांचा खरा बाजार पौषात म्हशाच्या यात्रेला भरतो, बैलांच्या बाजाराबरोबर. मुरबाडला रेल्वे येणार असं इथल्या तीन पिढ्यांनी ऐकलंय. तोवर एसटी आणि जीप. आम्ही खानावळीत तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण आणि मी आणलेली शेवळं खाल्ली. खानावळवाल्या काकूंनी काकडं घालून ती परस्पर शिजवून दिली आणि भाजीचे पैसे घेतले नाहीत. "तुमचीच तर होती." पुण्यात शिजवणावळ लागली असती.

दुसऱ्या दिवशी टोकावड्यावरून वैशाखऱ्याला उतरलो आणि नाणेघाट चढायला लागलो. पायथ्याचं जंगल ओलं, चिकट, जळवांनी भरलेलं. नंतर कोरलेल्या पायऱ्या येतात, झिजून गुळगुळीत झालेल्या, त्यावरून ओढ्यासारखं पाणी. वर नानाचा अंगठा ढगात गेलेला. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेनं जुन्नरला जायचा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बैलांच्या पायवाटेवर आज डोंबिवलीचे तरुण स्पीकर लावून नाचत होते. निम्म्या वाटेवर तिनं चप्पल काढून हातात घेतली आणि मी बुटांत घसरत राहिलो.

घाटमाथ्यापाशी गुहा आहे. तीन भिंती, मागच्या भिंतीवर एकेकाळी सातवाहन राजघराण्याचे पुतळे होते. आता त्यांची नावं आणि तुटके अवशेष. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मीतला मोठा लेख, राणी नागनिकेचा, इसवी सनापूर्वीचा. त्यात यज्ञांची यादी आहे, अश्वमेधासकट, आणि प्रत्येक यज्ञात दक्षिणा म्हणून काय दिलं त्याची नोंद : गाई, घोडे, हत्ती, गावं, भांडी, कार्षापण नाणी. इकडच्या लग्नात हळदीच्या मांडवात एक माणूस वही घेऊन बसतो आणि कुणी किती आहेर केला ते लिहितो, तसं हे दगडावर. गणितवाल्यांसाठी ही भिंत दुसऱ्याच कारणानं मोलाची आहे. भारतातले अगदी जुने लिहिलेले आकडे इथं आहेत. एक, दोन, चार, सहा, सात, नऊ. दहा आणि वीसची चिन्हं वेगळी. शंभराची वेगळी, हजाराची वेगळी. शून्य नाही आणि स्थानावरून किंमतही ठरत नाही. २४,४०० लिहायचे तर वीस हजाराचं चिन्ह, चार हजाराचं चिन्ह, चारशेचं चिन्ह, असे शेजारीशेजारी मांडायचे.

तिनं मोबाइलच्या उजेडात एक चिन्ह शोधलं, हजाराच्या खुणेला लटकवलेलं छोटं फरकाटं. लहानपणी शाळेच्या सहलीत ती इथं आली होती तेव्हा गुरुजींनी 'जुनी लिपी' एवढंच सांगितलं होतं. आकडे आहेत हे तिला मुंबईत, गणिताच्या इतिहासावरच्या एका इंग्रजी पुस्तकात कळलं. घरापासून तासा-दीड तासाच्या चढावरची गोष्ट कळायला ग्रंथालयापर्यंत जावं लागलं. भिंतीपुढे उभं राहून मला मात्र दक्षिणेचंच वाटत होतं. देणाऱ्याचं नाव आहे, रक्कम आहे, कशासाठी दिलं तेही आहे. घेणाऱ्यांची नावं नाहीत. आजच्या अनुदानाच्या अर्जात नेमकं उलटं : घेणाऱ्याची जन्मतारीख, जात, बँक खातं, तीन शिफारसपत्रं, याआधी कुणाकडून घेतलं त्याचा तपशील. बाहेर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. एक पोरगा त्यात डोकं घालून आपलाच आवाज ऐकत होता.

उतरून पाड्यावर पोचेपर्यंत दिवे लागले होते. ओटीवर बचत गटाची बैठक होती आणि ती आमच्यासाठीच जमवलेली आहे हे मला तिथं गेल्यावर कळलं. बाया दिवसभर चिखलात होत्या. पायांच्या बोटांत अजून माती. अध्यक्षबाईंनी कोरा चहा दिला, मग लोखंडी पेटी उघडली, वही काढली. गटाचं व्याज महिन्याला शेकडा दोन. कर्जाला दोन सभासदांच्या सह्या लागतात. तिनं चाळीस हजार मागितले, तिकीट काढायला. परत आल्यावर अनुदानाचे पैसे आले की फेडणार.

मग प्रश्न सुरू झाले. मी काही निवड समित्यांच्या मुलाखती पाहिल्या आहेत. इथले प्रश्न जास्त नेमके होते.

"सरकारचं पैसं कधी येनार?"

"तीन-चार महिने लागतात."

"लागतात का लागू शकतात?"

"लागू शकतात."

"म्हंजे सहा धरा," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि वहीत सहा लिहिले. एकीनं विचारलं, तिकडं जाऊन विहिरीचं काही होणार आहे का. तिनं प्रामाणिकपणे सांगितलं की लगेच नाही. पण भेगांतून पाणी कुठं जातं याचं गणित ज्यांनी वीस वर्षं केलंय अशी तीन-चार माणसं तिथं असतील, त्यांना इथल्या विहिरींची मोजमापं दाखवायची आहेत. मोजमापं कुठली, असं दुसरीनं विचारलं. तेव्हा कळलं की गेले दोन उन्हाळे पाड्यावरच्या तीन विहिरींत दोरीला गाठी मारून पाण्याची खोली मोजायचं काम याच बायांच्या मुली करताहेत आणि आकडे फोनवर तिला धाडताहेत. "मंग त्यात आमच्या पोरींचं नाव यायला पायजे," ती बाई म्हणाली. निबंधाच्या आभारांत नावं घालायची, असं तिथंच ठरलं.

"आन सरकारचं पैसं आलंच नाय तर?" हा प्रश्न सगळ्यांत शेवटी आला, तिच्या आईकडे बघून.

"भात इकू," आई म्हणाली.

अध्यक्षबाईंनी पेटीतले पैसे ओटीवर मोजले. एकतीस हजार आणि काही सुटे. आवणीचे दिवस, बियाणं-खतासाठी चौघींनी आधीच उचल घेतलेली, आणखी दोघींचं मागणं बाकी. थोडी कुजबूज झाली. चाळीस जमणार नाहीत. वीस आत्ता, उरलेले गणपतीनंतर, पहिली उचल फिरून आली की. तिकिटाचा दर गणपतीपर्यंत थांबणार नाही, हे तिनं सांगितलं. बायांनाही ते पटलं, पण पेटीत होतं तेवढंच होतं. तिनं विसाच्या आकड्यापुढे सही केली, खाली दोघींनी अंगठ्याशेजारी आपापली नावं लिहिली, आणि उरलेल्या विसासाठी सकाळच्या पहिल्या एसटीनं मुरबाडच्या पतपेढीत जायचं ठरलं, जामीनदार म्हणून अध्यक्षबाईंना बरोबर घेऊन.